जुन्या फियाटचा जीर्णोद्धार

कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या घरांच्या परसात, पुण्यातील एखाद्या बंगल्याच्या कडेच्या शेडमध्ये किंवा गोव्यात फणसाच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षे उभी असलेली फियाट अजूनही अधूनमधून दृष्टीस पडते. वडिलांनी अगर आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली ती गाडी भंगारवाल्याच्या हवाली करणे घरच्या माणसांच्या जिवावर येते. आणि ती पुन्हा चालती करणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे अशी सर्वांची समजूत असल्यामुळे टायरांतील हवा जाते, काचांच्या रबरांत शेवाळ धरते, आणि दर पावसाळ्यागणिक तिचा पत्रा आतून खंगत जातो. अशा गाडीचा जीर्णोद्धार घरच्या घरी, दोन-तीन वर्षांच्या रविवारांत, बेताच्या हत्यारांनिशी करता येतो, हे मी माझ्या वडिलांच्या १९६८ सालच्या फियाट ११०० च्या अनुभवावरून खात्रीने सांगू शकतो. मात्र हे काम कोणत्या क्रमाने करावे याला फार महत्त्व आहे, आणि तो क्रम जमेल तितक्या तपशिलाने वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी फियाटच निवडतो याला वडिलांच्या आठवणीखेरीज दुसरेही कारण आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या. आधीची ती गोल पाठीची, जिला आपल्याकडे सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हणत. मग १९६४ पासूनची ११०० डी. आणि पुढे १९७४ च्या सुमारास जिचे बारसे ‘पद्मिनी’ या नावाने झाले ती. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे जवळजवळ सहा दशके या यंत्राची दुरुस्ती करणारे हात आपल्या गावोगावी होते, आणि त्यांतील पुष्कळसे आजही आहेत. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे ते इंजिन इतके उघडे आणि सरळ आहे, की बॉनेट वर करताच कोणता भाग काय करतो हे होतकरू विद्यार्थ्यालाही समजून सांगता येते. सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात, पुण्याच्या बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, किंवा जुन्या टॅक्सीवाल्यांच्या माळ्यावर धुंडाळले असता अजून हाती लागतात. आणि जो भाग कोठेच मिळत नाही तो नमुन्यावरून करून देणारे लेथवाले कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत.

गाडीला हात लावण्यापूर्वी तिच्या दस्तऐवजांना हात लावावा. आर. सी. बुकावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक यांची गाडीवर ठोकलेल्या क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी रुजुवात घालावी. जुन्या कर्जाचा बोजा पुस्तकावर अद्याप दाखल असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला हजर करून तो उतरवून घ्यावा. आणि मूळ मालक हयात नसल्यास वारसांच्या संमतीची व हस्तांतरणाची तजवीज गाडी खोलण्याच्या आधी करावी, कारण पुढे पैसा व श्रम खर्ची पडल्यावर वारसांत मतभेद झाला तर तो मिटविणे कठीण जाते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व त्यानंतर तपासणी होऊन ती दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ५० वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रीय नियमांत निराळी तरतूद झाली. तिच्या अन्वये ‘व्ही ए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये व पुनर्नोंदणीची ५,००० रुपये आहे, आणि नोंदणीची मुदत १० वर्षांची असते; परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा मंडईत आणि लग्नकार्याला नेण्यासाठी गाडी हवी आहे, की प्रदर्शनासाठी व स्मृतीसाठी जपावयाची आहे, हा निर्णय आरंभीच करावा. इंजिन बदलावे काय, रंग बदलावा काय, या पुढच्या साऱ्या प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून असतात, आणि असा कोणताही फेरफार केल्यास त्याची नोंद पुस्तकात करून घेणे कायद्याने आवश्यक असते.

आता मुख्य मुद्दा. घरगुती जीर्णोद्धाराची बहुतेक कामे अर्धवट राहतात ती कौशल्याच्या अभावी राहत नाहीत; गाडी खोलण्याचा वेग तिला जोडण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला म्हणून राहतात. मी स्वतः पहिल्या उत्साहात तीन रविवारांत दारे, सीट, डॅशबोर्ड, रेडिएटर, पुढची चाके, सारे काही उतरविले होते. पुढे पाऊस लागला, शेडमध्ये पाणी आले, घाईने खोके माडीवर हलविले. आणि चार महिन्यांनी ती उघडली तेव्हा कोणता बोल्ट बिजागरीचा आणि कोणता मडगार्डचा, हे सांगता येईना. दीड वर्ष ते काम जागेवर थांबले. त्यानंतर मी एक नियम घातला आणि तो आजवर मोडलेला नाही: एका वेळी गाडीचे एकच अंग खोलावयाचे, ते साफ करून, दुरुस्त करून, पुन्हा बसवून झाल्याखेरीज दुसऱ्या अंगाला पाना लावावयाचा नाही. ज्यांचा पत्रा मुळापासून कुजला आहे त्यांना गाडी पुरती उघडी करावी लागते हे खरे. पण तेथेही इंजिन आणि ब्रेक हे पत्र्याच्या कामाच्या आधी अगर नंतर, स्वतंत्रपणेच हाताळावेत.

या नियमाच्या जोडीला एक रोजनामा ठेवावा. दोनशे पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर तारीख, काढलेला भाग, तो कोणत्या बाजूने कसा बसला होता याची हाताने काढलेली आकृती. उजव्या पानावर खर्च, आणि काय आणावयाचे आहे याची यादी. फोन हाताशी असताना छायाचित्रे भरपूर घ्यावीत, पण केवळ त्यांवर विसंबू नये, कारण वॉशर बोल्टच्या डोक्याखाली होता की नटाखाली, हे छायाचित्रात दिसत नाही आणि आकृती काढताना मात्र आपसूक लक्षात येते. काढलेले बोल्ट शक्य तेथे त्यांच्याच छिद्रांत दोन आटे फिरवून परत ठेवावेत. बाकीचे लहान लहान डब्यांत, डब्यावर नाव लिहून.

जागेविषयी थोडेच सांगतो. छप्पर गळके नसावे, जमीन पक्की असावी, आणि गाडीच्या चारी बाजूंनी निदान हात-दीड हात मोकळी वाट असावी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर टेकवावी, हलवून पाहावी, मगच खाली जावे. विटांच्या थरावर गाडी टेकविण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे; वीट पूर्वसूचना न देता फुटते आणि तिच्यामुळे माणसे दगावलेली आहेत. एवढ्या एका बाबतीत काटकसर मुळीच करू नये.

पत्र्याकडे वळू, कारण या गाडीचे आयुष्य त्यावर ठरते. फियाटला जीपसारखी किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तिची फरशी, दारांखालचे उंबरे आणि छताचे खांब मिळूनच तो सांगाडा होतो. म्हणून बाहेरून चकाकणारा पण उंबऱ्यातून कुजलेला सांगाडा हा धोका असतो, आणि बाहेरून विटलेला पण खालून शाबूत असलेला सांगाडा हे भाग्य. तपासणी अशी करावी. पुढची रबरी मॅट उचलावी. तिच्याखाली बहुधा कधीकाळी कोणीतरी अंथरलेली वर्तमानपत्रे आढळतात. ती ओल धरून ठेवतात आणि त्यांच्या घडीच्या रेषेवरच पत्र्याला भोके पडलेली असतात. मग स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ घेऊन फरशी वीतभर अंतराने ठोकत जावे. निरोगी पत्रा खणखणीत बोलतो. गंजलेला पत्रा बसका, भरड आवाज देतो, आणि फार गेलेला असेल तर मुठीखाली बिस्किटासारखा मोडतो. उंबऱ्यांची खालची बाजू, दारांच्या तळाशी असलेली दुमड, बॅटरीखालचा पत्रा, डिकीचा तळ आणि दिव्यांमागे मडगार्डच्या आत साठलेल्या चिखलाखालचा भाग या जागा हाताने चाचपूनच पाहाव्यात. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली की काचेवरून उतरलेले पावसाचे पाणी दारातच साचते. एका तारेने ती छिद्रे मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम गाडीचे दार वाचविते.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून, फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजनाशक लावून, धुऊन, पूर्ण वाळवून लगेच प्रायमरखाली झाकावा. आरपार गेलेला पत्रा मात्र कापावाच लागतो, आणि तो चकचकीत, निरोगी धातू लागेपर्यंत कापावा. काही ठिकाणी भोकावर जाळी ठेवून वर पुट्टीचा थर थापण्याची पद्धत आहे. तिच्याविषयी मला मनापासून वाईट वाटते, कारण पहिल्या पावसाळ्यात ती जागा फुगते आणि मूळ भोकाच्या दुप्पट जागा खाऊन बसते. ठिगळासाठी वीस गेजचा पत्रा घ्यावा. वेल्डिंग स्वतःला येत नसेल तर पत्र्याच्या मिस्त्रीला घरी बोलवावे. परंतु कापणे, साफ करणे आणि ठिगळ बेतून ठेवणे ही कामे आपण करावीत, म्हणजे त्याची मजुरी निम्म्यावर येते व काम आपल्या नजरेखाली होते. टाके अंतराअंतरावर, एकदा या टोकाला व एकदा त्या टोकाला असे घालावेत. सलग ओढत नेल्यास उष्णतेने पत्रा वाकडा होतो. उंबरा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत अँगलचा आडवा टेकू जोडून घ्यावा, आणि एका बाजूचे काम पुरे झाल्याखेरीज दुसऱ्या बाजूला हात लावू नये, कारण आधार सुटताच सांगाडा मधोमध बसतो आणि मग ते दार जन्मात नीट लागत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढावी, पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक भयंकर असते. तिच्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, आणि वर्षानुवर्षे पडून असलेल्या टाकीतही ती असू शकते. टाकीला भोक असेल तर घरी ज्वाला न लावता ती या कामातल्या जाणकाराकडेच पाठवावी.

इंजिनाच्या आधी ब्रेक. हा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो, कारण इंजिनाचा आवाज ऐकण्याची उत्कंठा अनावर असते. पण चालणारे इंजिन आणि न लागणारे ब्रेक यांचा योग घराच्या उतारावर आला म्हणजे काय होईल, ते सांगावयास नको. ११०० डी या गाडीस चारही चाकांना ड्रम असून एकाच मास्टर सिलिंडरमधून सर्वांना तेल जाते. त्यामुळे एका चाकाची नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. सारी रबरे, रबरी नळ्या आणि बाहेरून गंजलेल्या लोखंडी नळ्या विचार न करता नव्या घालाव्यात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून उघडलेला जुना डबा वापरू नये. आणि ते रंगावर सांडल्यास रंग सोलून काढते. ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे व ते फुप्फुसांस अत्यंत घातक आहे; तोंडाला चांगला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावे व ते फडके पिशवीत बांधून टाकावे. तेल भरून झाल्यावर हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करावी.

कित्येक वर्षे थांबलेले इंजिन किल्ली फिरवून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. चारही प्लग काढावेत, प्रत्येक छिद्रातून दोन-तीन चमचे डिझेल व इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडावे आणि आठ दिवस तसेच राहू द्यावे. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या बोल्टावर लांब दांड्याचा पाना लावावा आणि हळूहळू, मागेपुढे, थोडे थोडे फिरवावे. फिरत नसेल तर पुन्हा तेल, पुन्हा आठ दिवस. येथे दाखविलेला धीर पिस्टनच्या रिंगा वाचवितो. फिरू लागल्यावर जुने तेल काढून, चेंबर उतरवून तळाशी साठलेला गाळ काढावा, नवे तेल भरावे, आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून वहीत लिहावे. चारही आकडे परस्परांच्या जवळ असतील तर हेड उघडण्याची घाई करू नये. उघडावेच लागले तर ध्यानात असावे, की या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ते पूर्ण थंड असतानाच सोडवावे, नट मधून बाहेर या क्रमाने थोडे थोडे, तीन फेऱ्यांत व टॉर्क रिंचने आवळावेत, आणि रेडिएटरमध्ये नळाचे किंवा विहिरीचे पाणी कधीही न घालता शुद्ध पाणी व कूलंट घालावे, कारण क्षारयुक्त पाणी ॲल्युमिनियमला आतून पोखरते.

कार्बोरेटरचे काम जेवणाच्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर करण्याजोगे आहे, आणि मला ते साऱ्या कामांत प्रिय आहे. आतला पितळी तरंगता डबा, ज्याला सगळे फ्लोट म्हणतात, बाहेर काढून कानाजवळ हलवावा. आत डुचमळल्याचा आवाज आला तर त्याला सुईच्या टोकाहून बारीक छिद्र पडले असून पेट्रोल आत शिरले आहे, आणि जड झालेला तो डबा पुरेसा वर येत नसल्यामुळेच गाडी पेट्रोल ओकत होती, असे समजावे. कढत पाण्याच्या पातेल्यात, चुलीपासून दूर नेऊन, तो डबा चिमट्याने बुडवून धरावा. आतल्या पेट्रोलची वाफ होऊ लागते आणि छिद्रातून मोत्यासारखे बुडबुडे ओळीने निघतात. तेथे पेन्सिलीने खूण करावी, बुडबुडे थांबेपर्यंत थांबावे, म्हणजे आत थेंबही उरत नाही. मग डबा कोरडा करून खुणेवर कथलाचा अगदी टिपूसभर डाग द्यावा. डाग मोठा दिल्यास डब्याचे वजन वाढते आणि पेट्रोलची पातळी पुन्हा बिघडते. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा मात्र जुने ठेवूच नयेत. हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मऊ करते, भेगाळते, आणि टाकीत ओलही ओढून आणते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मागून घ्याव्यात, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

विजेच्या तारांबद्दल एवढेच, की ज्यांचे आवरण बोटाने वाकविताच तडकते त्या तारा साऱ्या बदलाव्यात, एकेक तार काढून तिच्याच रंगाची नवी घालत जावे, आणि बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज अवश्य बसवावा.

रंगाची बाब आपल्या हवामानाशी बांधलेली आहे. पावसाळी दमट हवेत लॅकर फवारला तर त्यावर पांढुरकी धुरकट साय येते, म्हणून पत्र्याचे काम पावसाळ्यापूर्वी उरकून, प्रायमरखाली गाडी झाकून ठेवून, रंगाला दिवाळीनंतर हात घालावा. घोटण्याचे काम आपण मन लावून करावे. पाण्याचा हात फिरवीत, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने, डोळे मिटून तळव्याने उंचसखलपणा चाचपीत. डोळ्यांपेक्षा तळहाताला तो लवकर कळतो. दोन घटकांच्या आधुनिक पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेट श्वसनास इतके घातक आहे की बाहेरून शुद्ध हवा पुरविणाऱ्या मुखवट्याखेरीज तो घरी फवारू नये. त्याचा हट्ट असेल तर घोटून तयार केलेली गाडी रंगाच्या कार्यशाळेत न्यावी. मूळचे भाग जेथे चालण्याजोगे असतील तेथे ते राखावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेले स्टिअरिंगचे चाक मी बदलले नाही, रंगविलेही नाही. सीटचे रेक्झिन मात्र फाटले होते म्हणून नवे शिवून घेतले, आणि आतील काथ्या उन्हात वाळवून पुन्हा भरला.

पहिली फेरी घरापासून दहा किलोमीटरांच्या आत, दिवसाउजेडी, सोबतीला कोणी घेऊन व पान्यांचा संच आणि पाण्याचे भांडे मागे ठेवून करावी. परत आल्यावर गाडी पूर्ण थंड झाली की हेड उघडले असल्यास त्याचे नट आणि चाकांचे नट पुन्हा तपासावेत. मग झोपण्यापूर्वी तिच्याखाली एक मोठा स्वच्छ पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावर पडलेले थेंब बोटावर घेऊन ओळखावेत: काळसर असेल ते इंजिनाचे ऑइल, दाट व उग्र वासाचे गिअरचे, हिरवट अगर पाणीदार ते रेडिएटरचे, आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट, जवळजवळ निरंग थेंब दिसला तर ते ब्रेकचे तेल समजून, ती गळती थांबेपर्यंत गाडी आवाराबाहेर काढू नये. प्रत्येक थेंबाची जागा वहीत आकृती काढून लिहावी, आणि पुढच्या रविवारी तेथूनच आरंभ करावा.